दिव्यांग मुलाच्या वडिलांनी नेमके कोणते काम स्वतःच्या अंगावर घ्यावे?

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा येत्या श्रावणात नऊ वर्षांचा होईल. तो ३१व्या आठवड्यात जन्मला, तेव्हा त्याचे वजन १३०० ग्रॅम होते आणि पहिले २६ दिवस तो काचेत होता. पायांतील ताठरपणा दीड वर्षापर्यंत आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नाही. त्यानंतर सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणाऱ्या स्थितीचे, निदान झाले. त्याची बुद्धी तल्लख आहे, सत्तावीसचा पाढा तो माझ्याआधी संपवतो आणि वॉकरच्या आधाराने सपाट जागेवर चाळीस-पन्नास पावले चालतो. पायरी आली की मात्र त्याला उचलावे लागते, आणि आता त्याचे वजन २३ किलो झाले आहे.

मी औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत पाळीवर काम करतो. घरातील कामांची वाटणी कोणी बसून ठरवली नाही, ती आपोआप पडत गेली. पैसे मी आणायचे, मोठ्या डॉक्टरांकडे पुण्याला मी न्यायचे, आणि रोजचा व्यायाम, स्प्लिंट (पाऊल नीट धरून ठेवणारा पट्ट्यांचा साचा) घालणे-काढणे, शाळा, संडास-आंघोळ हे सगळे पत्नीने पाहायचे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मणक्यातील गादी सरकली आणि सहा आठवडे काहीही जड उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा मी पंधरा दिवसांची रजा टाकली. पहिल्याच सकाळी मी पोटरीचा व्यायाम घ्यायला बसलो आणि पाऊल पुढून धरून वर दाबू लागलो, तर तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, आई आधी टाच धरते." टाच पकडीत न घेता नुसता चवडा दाबला तर पोटरी ताणली जात नाही, पाऊल मधूनच वाकते, हे माझ्या आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक होते आणि मला नव्हते. थेरपी केंद्रात गेलो तर बाकावर सात बायका आणि मी, थेरपिस्ट बाई दारातूनच म्हणाल्या, "मॅडम नाही आल्या का?" त्यांचा दोष नव्हता, कारण इतक्या वर्षांत त्यांनी मला चारदा पाहिले असेल.

रजा संपली, पत्नी आता बरी आहे, पण जुन्या वाटणीवर परत जाण्याची माझी इच्छा नाही. त्यातच शाळेचा प्रश्न आहे. मुलगा यंदा तिसरीत गेला आणि तिसरीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. २२ पायऱ्या आहेत, आणि पहिली पाळी नसेल त्या आठवड्यात मी त्याला उचलून वर नेऊन बसवतो. ज्या वडिलांनी ही वाट माझ्याआधी चालली आहे, त्यांनी कोणते काम पूर्णपणे आपले म्हणून घेतले, हे मला जाणून घ्यायचे आहे. "पत्नीला मानसिक आधार द्या" असे सल्ले मला पुष्कळ मिळाले आहेत; उद्या सकाळी साडेसहा वाजता मी काय करावे, एवढेच कृपया सांगावे.

पंचवटीकर (नाशिक)

आपला प्रश्न वाचून मला माझी स्वतःची उशिरा झालेली सुरुवात आठवली. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती, आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. माझ्या मुलाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होते आणि त्याची शस्त्रक्रिया तो लहान असतानाच झाली. त्या शस्त्रक्रियेसाठी मी धावपळ केली, कर्ज काढले, रात्री जागलो, आणि नंतर दहा वर्षे त्या धावपळीच्या पुण्याईवर निवांत बसलो. बापाला संकट जमते, रोजचे काम जमत नाही, असे माझ्याबाबतीत तरी म्हणावे लागेल.

मुलगा अकरा वर्षांचा झाल्यावर एके दिवशी पत्नी म्हणाली, की यापुढे त्याची आंघोळ तुम्ही घालायची, तो आता मोठा होतो आहे. त्या दिवसापासून न्हाणीघर माझ्याकडे आले. सुरुवातीची दोन वर्षे मी त्याला भराभर आंघोळ घालून मोकळा होत असे, कारण मला दुकान उघडायचे असे. नंतर विशेष शाळेतील शिक्षिकेने मला एक साधी रीत शिकवली, जी मी इथे सविस्तर सांगतो, कारण तिने आमचे घर बदलले. कोणतेही काम शिकवताना सुरुवातीपासून शिकवायचे नाही, शेवटापासून शिकवायचे. बनियन घालायचे असेल तर डोके आणि दोन्ही हात आपण घालून द्यायचे आणि पोटावर खाली ओढण्याचे एकच काम मुलाने करायचे. ते पक्के झाले की दुसरा हात त्याने घालायचा, मग पहिला, मग डोके. काम संपवण्याचा मान प्रत्येक वेळी त्यालाच मिळतो, त्यामुळे त्याला पुढे शिकण्याची हौस राहते. आम्हाला बनियनला चार महिने लागले, साबण लावून धुण्याला सव्वा वर्ष आणि बुटाच्या नाडीला तर मी कंटाळून वेल्क्रोचे बूट आणले, हेही कबूल करतो.

दुसरे काम जे वडिलांनीच करावे असे माझे ठाम मत आहे, ते वयात येण्याचे. मुलाला मिसरूड फुटले, आवाज फुटला, शरीरात बदल झाले, आणि त्याला ते कोणीच सांगितलेले नव्हते, कारण सगळे त्याला बाळ समजत होते. दार लावून करायच्या गोष्टी कोणत्या, आपल्या अंगाला कोणी हात लावू शकतो आणि कोणी नाही, दुसऱ्याला मिठी मारण्याआधी विचारावे लागते, हे मी त्याला चित्रे काढून, तीच वाक्ये शेकडो वेळा म्हणून शिकवले. लाज वाटली, पण ती माझी होती, त्याची नव्हती. आता तो दर रविवारी आणि बुधवारी ट्रिमरने स्वतः दाढी करतो. गळ्याखालचे केस राहून जातात, ते मी काढतो आणि मग तो माझी दाढी तपासतो.

थोडे विषयांतर करतो. आमच्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली, आणि त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली, त्याही आपल्या लेकीसाठी. आपल्याकडच्या अशा संस्थांचा उगम शोधत गेलो तर बहुधा एखादी आई भेटते. वडील भेटतात ते विश्वस्त मंडळाच्या यादीत किंवा देणगीच्या पाटीवर. आपण विचारलेला प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

थेट उत्तर: साडेसहाची आंघोळ आपण घ्या, आणि ती पंधरा मिनिटांत उरकू नका.

एक आई

हा प्रश्न वडिलांसाठी आहे, तरीही एक गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. काम घ्याल तेव्हा ते आठवणीसकट घ्या. माझे पती मुलीला औषध देतात, पण औषध संपत आले आहे हे मी लक्षात ठेवते. ते तिला डॉक्टरांकडे नेतात, पण तारीख मी घेते, फाईल मी भरते आणि काय विचारायचे ते चिठ्ठीवर मी लिहून देते. लोक मला म्हणतात, किती मदत करतात हो तुमचे मिस्टर.

आणखी एक. कोणते काम घ्यावे, हे आपण आम्हाला विचारता आहात. पत्नीला विचारले का?

दर्यावर्दी (रत्नागिरी)

माझी मुलगी १५ वर्षांची आहे आणि तिला जन्मतः ऐकू येत नाही. ती अडीच वर्षांची होईपर्यंत "आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात, मीसुद्धा तीन वर्षांचा झाल्यावर बोललो" हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणत असे, की पत्नीची शंका घरात कोणी ऐकूनच घेतली नाही. भाषेसाठी पहिली तीन-चार वर्षे किती मोलाची असतात, हे मला वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेच्या आवारात बसून कळले, आणि तोवर त्यातील बरीचशी वर्षे माझ्या वाक्याने खाल्ली होती.

चार वर्षांची होता होता तिला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, बसवले गेले. केंद्र सरकारच्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेतून त्यासाठी त्या वेळी सहा लाखांपर्यंत साहाय्य मिळत असे, म्हणून ते आम्हाला शक्य झाले. शस्त्रक्रिया झाली म्हणजे मुलगी बोलू लागेल, असे गावातील लोकांना आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते. प्रत्यक्षात त्या दिवशी तिचे श्रवणवय शून्य असते आणि तिथून पुढे कोणीतरी तिच्याशी दिवसभर, समोर बसून, एकेका वस्तूचे नाव घेत बोलत राहावे लागते. हे बोलण्याचे काम मी घेतले. मी मुळात घुम्या माणूस आहे. जाळी विणताना दोन-दोन तास तोंड न उघडणारा. तरीही बाजारात नेऊन सुरमई, बांगडा, सौंदाळा, तिसऱ्या एकेक दाखवत मी तिच्याशी इतका बोललो, की मासेवाल्या बायका मला हसू लागल्या. तिचा पहिला स्पष्ट शब्द "बांगडो" होता.

कोकणातील पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना करतो. पावसाळ्यात दमटपणामुळे यंत्राचा कानावरचा भाग बिघडतो, म्हणून रात्री तो सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवावा. ती डबी, बॅटऱ्यांचा साठा आणि वायरची तपासणी हे आमच्या घरात माझे खाते आहे. वरच्या ताईंचे म्हणणे खरे आहे: एकदा मी बॅटरी मागवायला विसरलो आणि मुलगी परीक्षेच्या दिवशी यंत्राविना बसली, तेव्हा पत्नी एक शब्दही बोलली नाही, कारण ते खाते माझे आहे हे तिने मान्य केले होते.

पुढे आम्ही भारतीय सांकेतिक भाषाही शिकलो, कारण यंत्र काढल्यावर, आंघोळीला, समुद्रावर मुलगी पुन्हा नि:शब्द होते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने केलेल्या कोशात २०२१ पासून दहा हजार शब्दांच्या खुणा चित्रफितींसह मिळतात. खुणा केल्या तर मूल बोलायचे राहते, असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले होते. आमच्या मुलीच्या बाबतीत तसे काही झाले नाही. उलट ती आता माझ्याशी दोन भाषांत भांडते.

निवृत्त लेखापाल (पुणे)

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) असून २२ वर्षांचा आहे. मला खेळवणे, शिकवणे जमले नाही, कागद जमतात, म्हणून मी कागद घेतले. त्या अनुभवावरून आधी आपल्या शाळेविषयी लिहितो.

आपण मुलाला २२ पायऱ्या उचलून नेता, हे कौतुकास्पद असले तरी चुकीच्या दिशेचे काम आहे. मुलाला वर नेण्याऐवजी वर्गाला खाली आणावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील १६व्या कलमानुसार शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत आणि सोयी वापरण्याजोग्या कराव्यात आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी व्यवस्था करावी, अशी अपेक्षा आहे. तिसरीचा वर्ग तळमजल्यावर आणून दुसरा एखादा वर्ग वर नेणे, याला एक रुपयाही खर्च येत नाही. मुख्याध्यापकांना तोंडी विनंती करू नये. लेखी अर्ज करावा, दिव्यांगत्व प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. भाषा नम्र ठेवावी, कलम एकदाच लिहावे. पोच मागितली की पुष्कळ गोष्टी हलतात, हा माझा ३४ वर्षांच्या नोकरीतील अनुभव आहे.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. दिव्यांग अपत्याचा मुख्य सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमित फिरत्या बदल्यांतून सूट मिळावी, असा आदेश केंद्र सरकारने जून २०१४ मध्ये काढला. माझी बदली परराज्यात झाली तेव्हा मी या आदेशाच्या आधारे अर्ज केला आणि "मुख्य सांभाळकर्ता" या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. संबंधित अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारले, "मुलाला आई नाही का?" मी सांगितले, की आई आहे, नोकरी करते आणि रात्री मुलगा माझ्याशिवाय झोपत नाही. अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. बालसंगोपन रजेचेही तसेच: केंद्रीय सेवेत ती २०१८ च्या अखेरीस पुरुषांना लागू झाली, पण केवळ अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित पित्याला. घरात बायको असेल तर बाप संगोपन करतो, हे नियम करणाऱ्यांना पटत नाही. आणि आपणही ते पटवून देण्यासाठी फारसे काही केलेले नाही.

आपला मुलगा लहान आहे, पण इतर वाचकांसाठी एक बाब नोंदवतो. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हास्तरीय समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो आणि त्या समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. आपल्या मुलाची बुद्धी उत्तम आहे, म्हणजे त्याला बहुधा याची गरज भासणार नाही. तो स्वतःचे निर्णय स्वतः घेईल आणि ते त्याला घेऊ द्यावेत. ज्यांची मुले कमावू शकणार नाहीत अशा सरकारी नोकरांनी मात्र आजच कार्यालयात जाऊन मुलाचे नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद सेवापुस्तकात करून घ्यावी, कारण पालकांच्या पश्चात अशा अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते आणि ही नोंद करायला आपल्या पश्चात आपण नसतो.

फोंड्याहून

उचलण्याविषयी थोडेच लिहितो. माझा मुलगाही सेरेब्रल पाल्सीचा आहे, १४ वर्षांचा, ४१ किलोचा, आणि तो अजिबात चालत नाही. कंबरेत वाकून उचलू नका, गुडघ्यांत वाकून त्याला छातीशी घट्ट घेऊन मग उठा. आपला मुलगा पायांवर थोडा भार घेऊ शकतो, म्हणजे पुढील दोन-तीन वर्षांत उचलणे कमी करून त्याला उभे करून वळवून खुर्चीत बसवणे आपण दोघांनी थेरपिस्टकडून शिकून घ्यावे. माझ्या वेळी हे कोणी सांगितले नाही आणि माझ्या कंबरेला आता पट्टा आहे. मेंदूची इजा वाढत नसली तरी हाडे वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत, म्हणून या वयात आखडणे वाढते. खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा. खुबा सरकू लागला तर सुरुवातीला दुखतही नाही. ती तारीख आपल्या डोक्यात ठेवा, पत्नीच्या नव्हे.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा मी मुलाला घेऊन गेलो होतो. इतक्या वडिलांना एकाच वेळी व्हीलचेअर ढकलताना मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही, चाकांच्या हवेविषयी बोललो.

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही करून मगच लिहावे असे वाटले.

शाळेला लेखी अर्ज दिला. पोच मागितल्यावर लिपिकांनी माझ्याकडे दोनदा पाहिले. मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतर वर्ग खाली आणण्याचे मान्य केले आहे. तोपर्यंत मी नसेन त्या आठवड्यात शाळेचे दोन शिपाई त्याला खुर्चीसकट वर नेतील. हे दुसरे मला फारसे आवडलेले नाही, मुलाला तर मुळीच आवडलेले नाही, त्यामुळे दिवाळीची वाट न पाहता मी पुन्हा भेटणार आहे. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला ते मला सांगता आले नाही; फाईल काढून पाहिली, पावणेदोन वर्षे झाली होती. पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे.

ज्या ताईंनी "पत्नीला विचारले का" असे लिहिले, त्यांचे विशेष आभार, कारण मी विचारले नव्हते. आंघोळ किंवा व्यायाम यांपैकी काहीतरी ती सांगेल, अशी माझी समजूत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "व्यायाम मी करीन. तुमच्या आईशी तुम्ही बोला."

माझी आई वाई तालुक्यात गावी असते. मुलगा पोटात असताना पत्नीने ग्रहणात भाजी चिरली म्हणून त्याचे पाय असे झाले, असे आईचे निदान झाल्यापासूनचे म्हणणे आहे. ती हे भांडून म्हणत नाही; प्रत्येक सणाला, आल्या-गेल्यासमोर, सुस्कारा टाकून म्हणते. मी ते ऐकून वर्तमानपत्र वाचत असे, कारण जुन्या माणसाला काय समजवायचे, असे मला वाटे. ते वाक्य प्रत्येक वेळी कोणाला लागत होते, याचा विचार मी केला नव्हता.

मागच्या रविवारी मी मुलाला घेऊन एकटाच गावी गेलो. आईला सांगितले, की तो दोन महिने आधी जन्मला, इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत मधोमध असलेला भाग फार नाजूक असतो, पायांकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात आणि तिथेच त्याला इजा झाली. यात सुरीचा, भाजीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि हे वाक्य यापुढे आपल्या घरात कोणी म्हणायचे नाही. माझा आवाज जरा चढला होता. आई काही बोलली नाही, उठून चुलीपाशी गेली. दुपारभर ती माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी मी मुलाला ओसरीवर बसवून स्प्लिंट चढवत होतो. आधी टाच मागे नीट बसली आहे ना ते पाहायचे, मग मधला पट्टा आवळायचा, मग वरचा, हे मला आता न विचारता जमते. आई दारात उभी राहून पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "हे रात्रीपण घालायचं असतं का रे?"